सायडिंग आमच्या नाल्याशेजारी येते आहे, जनसुनावणीत मी काय बोलू?

पत्राचा सारांश:

वणी तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 43. पती वारल्यापासून साडेपाच एकर वावर त्या स्वतः करतात. पऱ्हाटी, तूर, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा चना. वावराच्या खालच्या धुऱ्याला नाला लागून आहे. नाल्यापलीकडे अंदाजे चारशे मीटरवर एका खासगी कंपनीची कोळसा धुण्याची वॉशरी आणि तिला जोडून रेल्वेत कोळसा भरायची सायडिंग प्रस्तावित आहे. क्षमता वर्षाला 12 लाख टन. धाकट्या दिरांनी आपल्या वाट्याची जमीन कंपनीला भाडेपट्ट्यानं द्यायचं ठरवलं आहे. ताईंच्या आयटीआय झालेल्या मुलाला "लावून घेऊ" असा शब्द मिळाला आहे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. गावात एका छापील कागदावर सह्या घेणं चालू आहे आणि त्या कागदावरचा मजकूर अर्धा कोराच आहे. ताई विचारतात: "अहवालात म्हणे लिहिलं आहे की नाल्यावर काही परिणाम होणार नाही. मी दहावीपर्यंत शिकलेली. साहेबांसमोर मी काय बोलू? विरोध केला तर घर फुटेल, पोराची नोकरी जाईल. गप्प राहिले आणि उद्या विहिरीला काळं पाणी आलं तर कोणाकडे जाऊ?"

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. तुम्ही लिहिता की दोन पावसाळ्यांपूर्वी नाला रात्रीतून धुऱ्यावर चढला, तुरीच्या खालच्या तासांमध्ये गाळ बसला, आणि पाणी उतरायला दोन दिवस लागले. पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणता की साहेबांसमोर बोलण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. मला वाटतं, त्या मांडवात येणाऱ्या बहुतेक सगळ्यांपेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. अहवाल कसा तयार होतो ते समजून घेतलं की तुम्हालाही पटेल.

एवढ्या क्षमतेच्या वॉशरीला केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी कंपनी एक सल्लागार संस्था नेमते. ती संस्था प्रकल्पाच्या भोवती साधारण दहा किलोमीटरच्या परिघात हवा, पाणी, माती, आवाज मोजते आणि अहवाल लिहिते. ही मोजणी बहुधा एकाच हंगामाची असते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. म्हणजे मोजणारी माणसं हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात येतात. त्या वेळी तुमचा नाला एक तर कोरडा असतो, नाही तर कुठेतरी डबकं साचलेलं. "नाल्यावर परिणाम नाही" हे वाक्य अशा कोरड्या नाल्याकडे पाहून लिहिलेलं असू शकतं. नेमकं तसंच असेल असं मी म्हणत नाही, कारण तो अहवाल मी पाहिलेला नाही. पण तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: नाल्याचं पाणी कोणत्या महिन्यात मोजलं आणि पुराची रेषा कुठे धरली? जुलै 2022 मध्ये वर्धा नदीच्या पुरानं तुमच्या भागातल्या किती गावांचे रस्ते बंद पडले हे तुम्ही पाहिलं आहे. नदी फुगली की तिला मिळणारे नाले मागे दाबतात. ते दाबलेलं पाणी कुठवर येतं, हे मार्चमध्ये आलेल्या माणसाला दिसत नाही. तुम्हाला ते पावलांनी मोजून दाखवता येईल.

आता तुमच्या मनातल्या एका समजाबद्दल. तुम्ही "विरोध करू की गप्प राहू" असं विचारलंत, जणू जनसुनावणी म्हणजे हात वर करून मतदान आहे. ती तशी नाही. तिथे ठराव मंजूर होत नाही, नामंजूरही होत नाही. गणपूर्तीची अटही नाही. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं. जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी, अध्यक्षस्थानी असतो. सगळ्याचं चित्रीकरण होतं. लोकांनी काय विचारलं, कंपनीनं काय उत्तर दिलं याचं इतिवृत्त बनतं आणि ते दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीसमोर जातं. मंजुरी द्यायची की नाही, आणि कोणत्या अटींवर, हे तिथे ठरतं. त्या समितीतल्या लोकांना तुमचं गाव माहीत नाही. गावातून त्यांच्यापर्यंत पोचणारा कागद म्हणजे ते इतिवृत्त. म्हणून तिथे "आमचा विरोध आहे" एवढं वाक्य फार काम करत नाही, "आमचा पाठिंबा आहे" हेही करत नाही. नेमका प्रश्न, नेमकं अंतर, नेमकी घटना मात्र काम करते.

आणि त्याला न्यायालयाचा आधार आहे. गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर, 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की सुनावणीतले आक्षेप समितीनं विचारात घेतले पाहिजेत आणि ते का मान्य किंवा अमान्य केले याची कारणं दिली पाहिजेत. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात गारे इथल्या कोळसा खाणीसाठी जानेवारी 2008 मध्ये झालेली जनसुनावणी नियमाप्रमाणे झालीच नव्हती, असं म्हणत पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2012 मध्ये ती मंजुरी रद्द केली होती. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्जात दडवलेल्या माहितीकडे बोट दाखवलं आणि समितीला पुन्हा विचार करायला लावला. विमानतळ पुढे झालाच, हेही सांगितलं पाहिजे, पण आणखी अटी लागून झाला. मी ही उदाहरणं अशासाठी देते आहे की नोंद झालेला प्रश्न वर्षभरानंतरही जिवंत असतो. न विचारलेला प्रश्न पुढे कुठल्याच न्यायालयात उभा करणं फार अवघड जातं.

तर काय विचारायचं? सगळं विचारू नका. तुमच्या वावराला लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी घ्या आणि त्यांचा पिच्छा धरा. माझ्या मते त्या तीन आहेत: नाला, रस्ता आणि पऱ्हाटी.

नाल्याचं गणित आपण इथेच करून पाहू. समजा कोळसा साठवायचं आवार दहा हेक्टर आहे. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे पावसाळ्यात पडतो, तर त्या आवारावर एक कोटी लिटर पाणी पडतं. ते पाणी कोळशाची चुरी घेऊन वाहतं. अहवालात लिहिलेलं असेल की ढिगाऱ्याभोवती चर खणू, पाणी निवळायच्या टाकीत घेऊ, बाहेर काही सोडणार नाही. हे उपाय चांगलेच आहेत. पण टाकी किती लिटरची? ती अर्धा कोटी लिटरची असेल तर उरलेलं अर्धा कोटी कुठे जाणार, याचं उत्तर उताराकडे पाहून तुम्हीच देऊ शकता. आधीच्या पावसानं टाकी भरलेली असताना दुसरा पाऊस आला तर काय, टाकीतला काळा गाळ कोण, कधी काढणार आणि कुठे टाकणार, हेही विचारा. वॉशरी असल्यामुळे आणखी एक प्रश्न येतो. कोळसा धुतला की दगडमातीमिश्रित निकृष्ट माल उरतो, त्याला तिथले लोक रिजेक्ट म्हणतात. विकला जाईपर्यंत त्याचा वेगळा ढीग पडून राहतो. तो ढीग नकाशावर कुठे दाखवला आहे? नाल्यापासून किती दूर? खाली काँक्रीट आहे की उघडी काळी माती?

लोक बहुतेक कोळशातल्या गंधकापासून पाण्यात उतरणाऱ्या आम्लाची भीती बोलून दाखवतात. आपल्या भागातल्या कोळशात, ज्याला गोंडवाना कोळसा म्हणतात, गंधक सहसा कमी असतं, म्हणून मी तुम्हाला आधी चुरीकडे बघायला सांगेन. नाल्याच्या तळाला चुरीचा थर बसला की पाणी मुरणं मंदावतं, ढोरं ते पाणी पीत नाहीत, आणि पुराच्या वेळी तोच थर तुमच्या वावरात येतो. तरीही पाण्याचा सामू (पीएच) आणि सल्फेट तपासायला सांगाच. त्याला खर्च फार नाही आणि पुढे वाद झाला तर तोच आकडा उपयोगी पडतो.

रस्त्याबद्दल अहवालात सगळ्यात कमी लिहिलेलं असतं आणि गावाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. पुन्हा साधा भागाकार. 12 लाख टन कोळसा वीस टनाच्या टिप्परनं आणायचा तर वर्षाला 60 हजार खेपा. कामाचे 300 दिवस धरले तर रोज 200 भरलेले टिप्पर येणार आणि 200 रिकामे परत जाणार. वीस तास काम चाललं तर दर तीन मिनिटांनी एक टिप्पर. हे सगळे कोणत्या रस्त्यानं? तुमच्या पांदणीवरून? शाळेसमोरून? त्यापेक्षा मोठे टिप्पर असतील तर खेपा कमी होतील, पण रस्ता लवकर फुटेल. रेल्वेचा एक रेक, म्हणजे एक पूर्ण मालगाडी, साधारण चार हजार टन घेऊन जातो, म्हणजे सायडिंगवर रोज जवळपास एक रेक भरला जाईल. तो उघड्यावर पे-लोडरनं, म्हणजे फावड्याच्या यंत्रानं, भरणार की बंद पट्ट्यानं आणून वरून सायलोतून, म्हणजे उंच बंद कोठीतून, भरणार, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. सरकारी कोळसा कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत खाणीपासून रेल्वेपर्यंत बंद पट्टे आणि सायलो उभारायचा कार्यक्रम घेतला आहे. त्यामागचं एक जाहीर कारण रस्त्यावरची कोळसा वाहतूक आणि तिची धूळ कमी करणं हेच आहे. म्हणजे तुम्ही मागता आहात ते अशक्य काही नाही. "इथे का नाही?" असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खर्चामुळे नाही असं उत्तर आलं तर तेही इतिवृत्तात येऊ द्या.

धुळीवरचे उपाय म्हणून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: पाणी मारणं आणि झाडं लावणं. दोन्ही हव्यात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात मारलेलं पाणी पाहता पाहता सुकतं, आणि ते पाणी येणार कुठून हा प्रश्न उरतोच. टँकरच्या पाण्यानं रस्त्यावर चिखल होतो, तो टायरला लागून गावात येतो आणि सुकला की पुन्हा धूळ. आज लावलेलं रोप धूळ अडवण्याएवढं व्हायला काही वर्षं जातात. तोवरचे हंगाम तुमचे असतात. मी तुमच्या जागी असते तर चाकं धुण्याची सोय, आवारातला आणि गावापर्यंतचा पक्का रस्ता, ताडपत्रीनं पूर्ण झाकलेले टिप्पर, आणि शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी वाहतूक बंद, या चार गोष्टी अटी म्हणून लेखी मागितल्या असत्या. झाडं लावणार असाल तर ती पहिल्या टिप्परच्या आधी लावा, असंही म्हटलं असतं.

हवेच्या मोजणीबद्दल एक गोष्ट. श्वासातून आत जाणाऱ्या धुळीची, म्हणजे पीएम 10 ची, देशातली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आहे. अहवालात बहुधा त्याच्या आतले आकडे दिसतील. ते खरे आहेत की खोटे यावर वाद घालू नका. फक्त विचारा की यंत्र कोणत्या घरावर ठेवलं होतं, वारा कोणत्या दिशेचा होता, आणि आजूबाजूच्या खाणी, चालू सायडिंग, रस्ते या सगळ्यांची धूळ नव्या प्रकल्पाच्या धुळीत मिळवली आहे का. एकेका प्रकल्पाचा वेगळा हिशेब केला की प्रत्येक जण मर्यादेत बसतो. नदीपलीकडे चंद्रपूरला हेच झालं. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा 70 च्या वरचे पट्टे अतिप्रदूषित ठरले आणि चंद्रपूरला 83.88 गुण होते. तिथल्या प्रत्येक उद्योगाकडे आपापली परवानगी होतीच.

आणि पऱ्हाटी. बोंडं फुटतात ती नेमकी कोरड्या, धुळीच्या महिन्यांत. उमललेल्या कापसावर कोळशाची धूळ बसली की ती झटकून जात नाही, रंग उतरतो, आणि खरेदीच्या वेळी प्रत खाली लागते. पानांवर थर बसला की झाडाची वाढही मंदावते. हे नुकसान पुरातल्या नुकसानीसारखं एका दिवशी दिसत नाही, म्हणून त्याचा पंचनामा करून घेणं कठीण जातं. मी तुम्हाला आत्तापासून तयारी करायला सांगते आहे ती याचसाठी. ई-पीक पाहणीत दर हंगामाची नोंद स्वतः करा, फोटोसह. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का बघा. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या, कारण कागदावर नसलेल्या विहिरीची भरपाई कोणी देत नाही. कापूस विकल्याच्या पावत्या, त्यावर लिहिलेली प्रत आणि भाव, मागच्या सापडतील तेवढ्या एका पिशवीत ठेवा. विहिरीच्या पाण्याची तपासणी शासकीय प्रयोगशाळेतून करून घ्या, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, आणि अहवाल जपून ठेवा. सामू, विरघळलेले क्षार, सल्फेट, लोह हे तर बघाच, पण फ्लोराइडही बघा. यवतमाळ जिल्ह्यात ते जमिनीतूनच पाण्यात येतं. आज मोजून ठेवलं नाही तर उद्या प्रत्येक बिघाडाला "हे तर आधीपासूनच होतं" असं उत्तर मिळेल. ही तपासणी प्रकल्प झाला तरी उपयोगी आहे, नाही झाला तरी आहे.

आता घराबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. दिरांनी जमीन द्यायचं ठरवलं म्हणून तुम्ही त्यांना दुसऱ्या बाजूला उभं केलं आहे. ते खरंच तिथे आहेत का? सततची नापिकी, कर्ज, मजूर मिळत नाही, अशी त्यांचीही कारणं असतील, आणि खात्रीचं भाडं कोणालाही हवंसं वाटतं. टाकी किती मोठी हवी हे विचारल्यानं त्यांचा भाडेपट्टा मोडत नाही. उलट काही प्रश्न त्यांच्याच फायद्याचे आहेत: मुदत संपल्यावर जमीन कोणत्या अवस्थेत परत मिळणार, काळा थर कोण काढणार, मध्येच कंपनी बदलली तर भाडं कोण देणार. सुनावणीत तुमच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तर त्यांना अपमान वाटेल, चारचौघांत वहिनीनं तोंडघशी पाडलं असं वाटेल. म्हणून त्याआधी घरी बसून त्यांना तुमचे प्रश्न दाखवा. सांगा, "भाऊजी, मी तुमच्या जमिनीबद्दल बोलणार नाही, माझ्या धुऱ्याबद्दल बोलणार आहे." जावेलाही सोबत बसवा, विहिरीचं पाणी तीही भरते. त्यांनी ऐकलं नाही तर तुम्ही निदान लपवून काही केलं नाही एवढं राहील, आणि गावात राहायचं तर तेही महत्त्वाचं आहे.

मुलाच्या नोकरीचं मात्र स्पष्ट बोलते, कारण या एका शब्दावर गावंच्या गावं गप्प राहिलेली मी पाहिली आहेत. अहवालात प्रकल्पाच्या फायद्यांचं एक प्रकरण असतं. त्यात किती माणसं कायम, किती कंत्राटी आणि बांधकामापुरती किती, हे दिलेलं असतं. तो आकडा काढा. मग ज्यांना शब्द दिला आहे अशी तुमच्या गावातली आणि शेजारच्या गावांतली मुलं मोजा. तोंडी शब्द देणारा माणूस कंपनीचा आहे की कंत्राटदाराचा, हेही विचारा. सुनावणीत हाच प्रश्न उघडपणे विचारता येतो: "स्थानिकांसाठी कायम जागा किती, कोणत्या कामाच्या, शिक्षणाची अट काय?" हा विरोध नाही. जी कंपनी असा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या मुलाला नोकरी नाकारेल, ती उद्या धुळीची तक्रार केल्यावर त्याला कामावर ठेवेल का, याचा विचार तुम्ही दोघांनी मिळून करा. निर्णय तुमचा आहे. घरात मिळवतं माणूस हवं आहे हे मला कळतं, आणि शेवटी तुम्ही न बोलायचं ठरवलं तरी तुम्ही चूक केली असं मी म्हणणार नाही. लेखी निवेदन देण्याचा मार्ग तरीही मोकळा आहे. त्यासाठी माइकसमोर उभं राहावं लागत नाही.

सह्यांच्या त्या कागदाबद्दल एवढंच: कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या कागदावर सही करू नका, बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही. आधीच केली असेल तर "मजकूर न वाचता माझी सही घेतली गेली, ती ग्राह्य धरू नये" असं दोन ओळींचं पत्र ग्रामपंचायतीला द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.

निवेदन कसं लिहायचं, तर असं: "माझी शेती गट क्रमांक अमुक, प्रस्तावित जागेपासून नाल्याच्या अलीकडे अंदाजे 400 मीटरवर आहे. अमुक साली जुलै महिन्यात नाल्याचं पाणी माझ्या धुऱ्यावरून अमुक फूट आत आलं होतं, फोटो सोबत जोडला आहे. अहवालात नाल्याची पूररेषा दाखवली आहे का? कोळसा आवारातल्या पावसाच्या पाण्यासाठी टाकीची क्षमता किती आणि ती किती मिलिमीटर पावसासाठी धरली आहे? पावसाळ्यातली मोजणी करून पूरक अहवाल द्यावा, अशी मागणी आहे." बस. खाली सही, तारीख, पत्ता. हे सुनावणीच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा. सुनावणीची जाहीर सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते. तेवढ्या काळात मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला ठेवलेला असतो. त्याचा सारांश मराठीत असणं बंधनकारक आहे. तो दहा पानांच्या आत असतो, दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला एका दुपारी वाचून होतो. वाचताना जिथे "नगण्य", "योग्य ती काळजी", "आवश्यकतेनुसार" असे शब्द येतील तिथे पेन्सिलनं खूण करा. प्रत्येक खुणेशी "म्हणजे किती?" एवढं लिहिलं की तुमचे प्रश्न तयार झाले.

सुनावणीच्या दिवशी लवकर जा, आपलं नाव नोंदवा. बोलताना आधी नाव, गाव, गट क्रमांक सांगा, मग प्रश्न वाचून दाखवा. पाठ करून बोलायची गरज नाही. उत्तर गोल मिळालं तर "माझ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं नाही, अशी नोंद घ्यावी" हे एक वाक्य म्हणा आणि बसा. हुज्जत घालू नका, कोणी हुर्यो केली तर लक्ष देऊ नका. शेवटी सगळ्या कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो. बहुतेक लोक तोवर उठून गेलेले असतात. तुम्ही थांबा, आणि तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच हात वर करा. शक्य झालं तर चार-पाच बायका सोबत जा. गोव्यात 2017 मध्ये मुरगाव बंदरातल्या कोळसा हाताळणीच्या प्रकल्पांवर वास्कोला सुनावणी झाली तेव्हा बोलणाऱ्यांची रांग इतकी लांबली की ती कित्येक दिवस चालवावी लागली. प्रत्येकानं आपल्या खिडकीवरच्या काळ्या थराबद्दल, आपल्या मुलाच्या खोकल्याबद्दल बोललं तर कोणालाच मोठं भाषण करावं लागत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. मंजुरी मिळाली तर तिचं पत्र आणि अटी केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर येतात आणि कंपनीला वर्तमानपत्रात जाहीरही करावं लागतं. त्यावर अपील करायचं तर हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे 30 दिवसांत जावं लागतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. म्हणून जाहिरातीची तारीख चुकवू नका. अपील करायचं नसलं तरी अटींची प्रत घरात असू द्या. त्या अटी पाळल्या जात आहेत की नाहीत याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यावा लागतो. "निवळण टाकी साफ केली" असं जूनच्या अहवालात असेल आणि तुमच्या फोटोत ती गाळानं भरलेली असेल, तर ती तक्रार कोणालाही बाजूला सारता येत नाही.

ज्या वाचकांच्या गावाजवळ वॉशरी नसून नुसती सायडिंग किंवा कोळशाचा डेपो येतो आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. केवळ रेल्वे सायडिंग 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे जनसुनावणी होत नाही. ताईंसारखी संधी त्यांना मिळणार नाही. पण 1974 चा जल कायदा आणि 1981 चा हवा कायदा त्यांनाही लागू आहे, आणि कोळसा साठवायचा-हाताळायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर त्या संमतीपत्राची प्रत मागवा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. संमती किती टनांची आहे आणि रोज प्रत्यक्षात किती रेक भरले जातात, याची तुलना करा. एका मोठ्या प्रकल्पातली सायडिंग वेगळी काढून स्वतंत्र दाखवली जाते आहे असा संशय असेल तर दोन्हींचे नकाशे आणि गट क्रमांक शेजारी ठेवून मंडळाला लेखी विचारा.

ताई, एक काम मुलाकडे सोपवा. तो आयटीआय झालेला आहे, त्याला नकाशा आणि मापं वाचता येतात. या आठवड्यात त्याला यवतमाळला पाठवा, जिल्हाधिकारी कार्यालयात अहवाल बघायला बसू द्या. आवाराचं क्षेत्रफळ, निवळण टाकीची लांबी-रुंदी-खोली, रिजेक्टच्या ढिगाची जागा, टिप्परचा रस्ता आणि कायम नोकऱ्यांचा आकडा एवढं त्यानं वहीत उतरवून आणावं. ज्या कंपनीत त्याला जायचं आहे तिचं कामही त्याला त्यातून कळेल. आकडे हाती आले की मला पुन्हा लिहा, टाकीचं गणित आपण मिळून घालू.